मधुमेही दृष्टिपटल आणि डोळ्यातील इंजेक्शन : एका उपचाराचा इतिहास

मधुमेही रुग्णाच्या डोळ्यात सुईने औषध सोडून त्याची दृष्टी वाचवण्याची पद्धत आज जिल्ह्याच्या ठिकाणच्या नेत्ररुग्णालयांतही रुळलेली असली, तरी तिचे वय जेमतेम दोन दशकांचे आहे. ज्या प्रश्नाचे ती उत्तर आहे तो प्रश्न मात्र १९४८ सालीच स्पष्ट शब्दांत मांडला गेला होता. या दोन टोकांमधल्या काळात वैद्यकाने अंदाज केले, उजेडाने आणि शस्त्राने उपचार केले, काही वेळा रुग्णांना फार कठोर उपाय सोसायला लावले, आणि शेवटी जे औषध हाती आले ते मुळात डोळ्यासाठी शोधलेले नव्हतेच. त्यामुळे हा इतिहास नेत्रवैद्यकाइतकाच कर्करोगाच्या संशोधनाचा आहे, आणि २००५ नंतर तो औषधाच्या किमतीचाही झाला आहे.

डोळ्याच्या मागच्या आतल्या भिंतीवर जो पातळ, प्रकाशसंवेदी थर असतो त्याला दृष्टिपटल म्हणतात. बोलीत त्यालाच डोळ्याचा पडदा म्हटले जाते. या पटलाच्या मध्यभागी पीतबिंदू हा लहानसा भाग असतो, आणि वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सगळी बारीक कामे त्याच्यावर अवलंबून असतात. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की दृष्टिपटलातील केशवाहिन्यांच्या, म्हणजे केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांच्या, भिंती बिघडतात. त्यातून दोन प्रकारची हानी होते. एकीकडे या भिंतींतून पाणी आणि स्निग्ध पदार्थ झिरपून पीतबिंदूला सूज येते. दुसरीकडे काही केशवाहिन्या बंद पडून पटलाचा मोठा भाग रक्ताविना राहतो आणि त्या उपाशी भागाच्या हाकेला ओ देऊन नव्या, पण ठिसूळ रक्तवाहिन्या उगवतात. या नव्या वाहिन्या फुटल्या की डोळ्याच्या पोकळीत भरलेल्या काचाभ द्रवात रक्त उतरते, आणि त्यांच्याबरोबर वाढणारे तंतू आक्रसले की पटल ओढले जाऊन सुटते. पहिल्या प्रकारात नजर हळूहळू मंद होते, दुसऱ्यात ती काही तासांतही जाऊ शकते, आणि दोन्हींत सुरुवातीला दुखत-खुपत काहीच नाही.

हेर्मान फॉन हेल्महोल्ट्स यांनी १८५१ साली नेत्रदर्शक या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध करेपर्यंत जिवंत माणसाच्या दृष्टिपटलात डोकावणे शक्यच नव्हते. त्यानंतर चार-पाच वर्षांतच व्हिएन्नाच्या एदुआर्द येगर यांनी मधुमेही रुग्णाच्या पीतबिंदूजवळ दिसलेले पिवळसर ठिपके आणि रक्तस्राव नोंदवले. पण आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांच्यासारख्या त्या काळच्या सर्वांत अधिकारी नेत्रतज्ज्ञाने मधुमेह आणि हे बदल यांच्यात कार्यकारणसंबंध असल्याचे मान्य केले नाही. लंडनमध्ये एडवर्ड नेटलशिप यांनी १८७२ साली मधुमेही डोळ्याच्या पीतबिंदूतील बदलांचा सूक्ष्मदर्शकाखाली पुरावा दिला, बर्लिनच्या युलियुस हिर्शबर्ग यांनी १८९० मध्ये या विकाराचे प्रकार पाडले, तरीही हे सारे वाढलेल्या रक्तदाबाचे किंवा धमन्या कठीण होण्याचे परिणाम असावेत हा समज टिकून राहिला. ग्लासगोच्या आर्थर बॅलंटाइन यांनी १९४३ च्या सुमारास केशवाहिन्यांच्या भिंतींतील विशिष्ट बिघाड दाखवला, तेव्हा कोठे मधुमेहाचा स्वतंत्र दृष्टिपटलविकार असतो हे वैद्यकाने निःशंकपणे स्वीकारले.

या विलंबाला एक कारण असे की मधुमेही रुग्ण तोवर डोळे जाण्याइतके जगतच नसत. टोरोंटोत १९२१-२२ मध्ये इन्शुलिन हाती आले आणि जो आजार, विशेषतः मुलांना, थोड्या काळात नेत असे तो आयुष्यभर सोबत राहणारा आजार बनला. पंधरा-वीस वर्षांनी याच वाचलेल्या रुग्णांच्या डोळ्यांत, मूत्रपिंडांत आणि पायांत मधुमेह आपली दुसरी रूपे दाखवू लागला. इन्शुलिनने दिलेल्या आयुष्याची किंमत डोळ्यांना मोजावी लागत होती, असे त्या पिढीबद्दल म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

ग्लासगोमध्येच काम करणाऱ्या आय. सी. मायकेलसन यांनी १९४८ साली गर्भातील दृष्टिपटलात रक्तवाहिन्या कशा पसरतात याचा अभ्यास मांडला. वाहिन्यांची वाढ सर्वत्र सारखी नसते, शुद्ध रक्त नेणाऱ्या धमन्यांच्या भोवती ती विरळ असते, हे पाहून त्यांनी निष्कर्ष काढला की रक्त आणि प्राणवायू कमी मिळणारे पटल एखादे रासायनिक द्रव्य सोडत असले पाहिजे, आणि ते द्रव्य पसरेल तिकडे नव्या वाहिन्या फुटत असल्या पाहिजेत. पुढे ‘एक्स’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या अज्ञात घटकाचा संबंध मधुमेहात फुटणाऱ्या वाहिन्यांशीही असावा, असा त्यांचा तर्क होता. हे द्रव्य वेगळे काढण्याचे साधन त्या काळी कोणाकडेच नव्हते. तरीही इतक्या थोड्या सामग्रीवरून इतका अचूक तर्क वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच झालेला आहे.

द्रव्य सापडत नव्हते, पण रुग्ण तर आंधळे होतच होते. डेन्मार्कच्या पोल्सेन यांनी १९५३ साली एका मधुमेही स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. बाळंतपणातील रक्तस्रावाने तिची पीयूषिका ग्रंथी, म्हणजे मेंदूच्या तळाशी असून शरीरातील बहुतेक संप्रेरकांवर हुकमत चालवणारी ग्रंथी, निकामी झाली होती आणि त्यानंतर तिच्या दृष्टिपटलाचा विकार ओसरला होता. या एका नोंदीवरून युरोपात आणि अमेरिकेत मधुमेही रुग्णांची पीयूषिका शस्त्रक्रियेने काढणे किंवा किरणोत्सारी कांडी रोवून ती नष्ट करणे सुरू झाले. काहींची नजर वाचली; मात्र असे रुग्ण उरलेले आयुष्य बाहेरून दिलेल्या संप्रेरकांवर जगत, आणि शरीर मधुमेहाने आधीच पोखरलेले असताना थोडी साखर कमी झाली तरी जिवावर बेतत असे. आजच्या वाचकाला हा उपाय क्रूर वाटेल, परंतु ज्यांनी तो केला आणि ज्यांनी तो करून घेतला त्यांच्यासमोर दुसरा पर्याय अंधत्वाचाच होता, हे विसरून त्याचा निवाडा करणे योग्य नाही.

वेगळा पर्याय प्रकाशाने आणला. जर्मनीतील गेर्हार्ट मायर-श्विकेराथ यांनी १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहून पीतबिंदू भाजून घेतलेले रुग्ण तपासले होते. त्या डोळ्यांतील व्रण पाहून, नियंत्रित प्रकाशाने पटलाला मुद्दाम डाग देता येईल, ही कल्पना त्यांना सुचली. आधी सूर्यप्रकाश आरशांनी खोलीत आणून, नंतर झेनॉन दिव्याच्या यंत्राने आणि १९६० मध्ये लेझरचा शोध लागल्यावर लेझरने हे काम होऊ लागले. अमेरिकेत व्हर्जिनियातील एअरली हाउस येथे १९६८ साली तज्ज्ञांची जी परिषद झाली तिच्यात पीयूषिका काढणे आणि प्रकाशाने डाग देणे या दोन्ही उपायांचा ताळेबंद मांडला गेला, आणि तेथूनच शिस्तबद्ध चाचण्यांची वाट निघाली. सतराशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या पहिल्या मोठ्या चाचणीने १९७६ साली दाखवले की पटलाच्या कडेच्या भागावर लेझरचे विखुरलेले डाग दिल्यास तीव्र दृष्टिनाशाचे प्रमाण निम्म्याहून खाली येते. पीतबिंदूच्या सुजेवर मोजके डाग देण्याचा फायदा दुसऱ्या चाचणीने १९८५ साली सिद्ध केला. तीन वर्षांत नजर लक्षणीयरीत्या उतरलेल्यांचे प्रमाण त्यात २४ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले होते.

लेझर नेमका का लागू पडतो याचे उत्तर मायकेलसन यांच्याच तर्कात होते. कडेचे उपाशी पटल जाळून टाकले की प्राणवायूची मागणी घटते आणि त्या अज्ञात द्रव्याचा पाझर आटतो. एका डोळ्याला असे बाराशे ते सोळाशे डाग द्यावे लागत; त्यात रात्रीची आणि कडेची नजर थोडी कमी होई, आणि मध्यभागाची सूज उतरली तरी गमावलेली नजर बहुधा परत येत नसे. लेझर नजर राखत असे, ती परत देत नसे. असे असूनही विसाव्या शतकात अंधत्वाच्या दारातून जितके मधुमेही रुग्ण लेझरने मागे आणले तितके दुसऱ्या कोणत्याही उपायाने आणले नाहीत, आणि इंजेक्शनाच्या कौतुकात हे ऋण आज फार लवकर विसरले जात आहे.

‘एक्स’ घटकाचा माग पुढे कर्करोगाच्या अभ्यासकांनी काढला. बोस्टनचे शल्यचिकित्सक जूडा फोकमन यांनी १९७१ साली असे मांडले की अर्बुद, म्हणजे कर्करोगाची गाठ, स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या मागवून घेते आणि हा पुरवठा तोडला तर तिची वाढ रोखता येईल. ही कल्पना तेव्हा अनेकांनी उडवून लावली. बोस्टनमध्येच डोनाल्ड सेंगर आणि हॅरल्ड ड्वोरॅक यांनी १९८३ साली रक्तवाहिन्यांना गळके बनवणारे एक प्रथिन अर्बुदातून ओळखले. कॅलिफोर्नियातील जेनेनटेक या कंपनीत नेपोलिओने फेरारा यांनी १९८९ मध्ये वाहिन्यांच्या अस्तरातील पेशी वाढवणारे प्रथिन वेगळे काढले आणि त्याला जे नाव दिले त्याचे संक्षिप्त रूप व्हीईजीएफ असे आहे. लवकरच स्पष्ट झाले की ही दोन प्रथिने एकच आहेत. जे द्रव्य वाहिन्यांना गळती लावते तेच नव्या वाहिन्या उगवायला लावते, आणि मधुमेही डोळ्यात होणारी दोन्ही प्रकारची हानी नेमकी हीच होती.

पुरावा डोळ्यातूनच यायचा होता. बोस्टनच्या जोस्लिन मधुमेह केंद्रातील लॉइड पॉल आयेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या १६४ रुग्णांच्या डोळ्यांतील द्रवाचे २१० नमुने तपासले. ज्यांच्या दृष्टिपटलात नव्या वाहिन्या सक्रिय होत्या त्यांच्या द्रवात व्हीईजीएफचे प्रमाण मोठे होते, ज्यांना असा विकार नव्हता त्यांच्यात ते क्वचितच आढळले, आणि लेझर यशस्वी झाल्यावर ते उतरलेले दिसले. डिसेंबर १९९४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा मायकेलसन यांच्या तर्काला ४६ वर्षे झाली होती.

डोळ्याच्या पोकळीत सुई घालणे तोवर नवे राहिलेले नव्हते. सुटलेले पटल जागेवर बसवण्यासाठी ओम यांनी १९११ साली काचाभ द्रवात हवा सोडली होती, जंतुसंसर्गासाठी पेनिसिलिनचे प्रयोग १९४० च्या दशकात झाले होते, आणि एड्सच्या रुग्णांमधील विषाणुजन्य दाहावर १९८० च्या दशकापासून डोळ्यात औषध दिले जात होते. मधुमेहाच्या सुजेवर या मार्गाने प्रथम आले ते ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड, म्हणजे दाह शमवणारे औषध. २००१-०२ मध्ये त्याचे चांगले परिणाम नोंदवले गेले, पण त्याने मोतीबिंदू लवकर पिकतो आणि डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू उद्भवू शकतो हे दिसल्यावर ते दुसऱ्या फळीत गेले.

फेरारा यांच्या प्रयोगशाळेतून व्हीईजीएफला बांधून निष्प्रभ करणारे बेव्हॅसिझुमॅब हे प्रतिपिंड तयार झाले आणि फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेत ते मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झाले. डोळ्यासाठी मात्र कंपनीने त्याच कुळातील प्रतिपिंडाचा लहान तुकडा, रॅनिबिझुमॅब, स्वतंत्रपणे विकसित केला, कारण पूर्ण प्रतिपिंडाचा मोठा रेणू दृष्टिपटलाच्या आतपर्यंत शिरणार नाही अशी समजूत होती. रॅनिबिझुमॅबला मान्यता मिळण्याआधीच, २००५ साली, मायामीतील नेत्रतज्ज्ञ फिलिप रोझेनफेल्ड यांनी वार्धक्यात होणाऱ्या पीतबिंदूच्या विकारावर बेव्हॅसिझुमॅबचा अत्यल्प अंश सरळ डोळ्यात सोडून पाहिला, आणि सूज उतरली. वर्षभरात जगभरचे नेत्रतज्ज्ञ ते वापरू लागले. कॅलिफोर्नियाच्या रॉबर्ट एव्हरी यांनी २००६ मध्ये मधुमेही डोळ्यांतील नव्या वाहिन्यांची गळती या औषधाने काही दिवसांत थांबल्याचे दाखवले.

येथे हिशेब डोळ्यांसमोर मांडला पाहिजे. बेव्हॅसिझुमॅबच्या लहान कुपीत ४ मिलिलीटर द्रवात १०० मिलिग्रॅम औषध असते, आणि डोळ्याला लागते ते ०.०५ मिलिलीटर, म्हणजे सव्वा मिलिग्रॅम. कागदावरच्या गणिताने एका कुपीत ऐंशी मात्रा निघतात. निर्जंतुक कक्षात ही कुपी लहान सिरिंजांत विभागली की अमेरिकेत एका मात्रेची किंमत सुमारे ५० डॉलर पडत असे, तर जून २००६ मध्ये मान्य झालेल्या रॅनिबिझुमॅबची मात्रा सुमारे २००० डॉलरला होती. डोळ्यातील वापरासाठी बेव्हॅसिझुमॅबची अधिकृत मान्यता कंपनीने कधी मागितली नाही. इटलीच्या स्पर्धा नियामकाने २०१४ साली या दोन औषधांचा बाजार संगनमताने वाटून घेतल्याबद्दल जेनेनटेकची मालक रोश आणि अमेरिकेबाहेर रॅनिबिझुमॅब विकणारी नोव्हार्टिस या कंपन्यांना मिळून १८ कोटी युरोंहून अधिक दंड ठोठावला; त्याच्या आदल्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने बेव्हॅसिझुमॅबला डोळ्याचे औषध म्हणून अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले होते.

मधुमेहाच्या सुजेवर इंजेक्शन लेझरपेक्षा सरस आहे हे २०१० साली निर्विवाद झाले. अमेरिकेतील संशोधन-जाळ्याच्या चाचणीत रॅनिबिझुमॅब घेतलेले रुग्ण वर्षअखेरीस तपासणीच्या तक्त्यावर सरासरी नऊ अक्षरे जास्त वाचू लागले, केवळ लेझर घेतलेले तीन. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातील बेव्हॅसिझुमॅबच्या लहान चाचणीचा कौलही तोच होता. गेलेली नजर काही अंशी परत मिळू शकते, हे आता चाचण्यांनी दाखवले होते. त्यानंतर अफ्लिबरसेप्ट हे तिसरे औषध आले, आणि ६६० रुग्णांवर तिन्हींची तुलना करणाऱ्या २०१५ च्या चाचणीने दाखवले की नजर थोडीच उतरली असेल तर तिन्ही औषधे सारखी, पण ती ६/१५ किंवा त्याहून वाईट असेल तर पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट अधिक गुणकारी. सामान्य रुग्णाच्या दृष्टीने या निष्कर्षाचा पहिला भाग जास्त मोलाचा होता, कारण नजर फार उतरण्याआधी तो आला तर सर्वांत स्वस्त औषधही त्याला पुरेसे होते.

प्रत्यक्ष क्रिया थोडक्या मिनिटांची असते. थेंबांनी डोळा बधिर करून पाच टक्के पोव्हिडोन आयोडिनने तो स्वच्छ धुतात, पापण्या चिमट्याने उघड्या ठेवतात, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर अंतर मोजतात, आणि तेथे पांढऱ्या भागातून बारीक सुई आत घालून थेंबभर औषध सोडतात. त्याच जागी टोचण्याचे कारण असे की पुढे नैसर्गिक भिंग असते आणि मागे पटल, आणि सुईला निर्धोक वाट तेवढ्याच पट्ट्यात मिळते. सर्वांत मोठी भीती डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होण्याची. तो दोन-तीन हजार इंजेक्शनांमागे एखाद्याला होतो, पण झाला तर डोळा जाऊ शकतो.

भारतात हा इतिहास आपल्या वळणाने गेला. येथे कुपी विभागून देण्याची पद्धत पहिल्यापासून रुळली, कारण दुसरे औषध बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते. गुजरातमध्ये बेव्हॅसिझुमॅब दिल्यानंतर काही रुग्णांच्या डोळ्यांत दाह झाल्यावर जानेवारी २०१६ मध्ये औषध महानियंत्रकांनी डोळ्यासाठी ते न वापरण्याची सूचना काढली. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी बाजू मांडल्यावर मार्चमध्ये ती मागे घेण्यात आली. दोष बहुधा औषधापेक्षा ते हाताळण्याच्या पद्धतीत शिरतो, आणि म्हणून बंदीपेक्षा निर्जंतुकतेचे काटेकोर नियम अधिक उपयोगी ठरतात, हा धडा त्या दोन महिन्यांतून घेण्यासारखा होता. त्याआधी २०१५ मध्ये अहमदाबादच्या इंटास कंपनीचे रॅझुमॅब बाजारात आले होते. मूळ जैविक औषधाशी समतुल्य असे हे रॅनिबिझुमॅबचे जगातील पहिले रूप होते. आरोग्यविम्यातून वगळता न येणाऱ्या आधुनिक उपचारांची जी यादी विमा नियामकाने २०१९ साली केली तिच्यात डोळ्यातील इंजेक्शनाचा समावेश झाला, ही छोटी दिसणारी पण फार महत्त्वाची सुधारणा आहे.

आता अडचण औषधाची कमी आणि फेऱ्यांची अधिक आहे. व्हीईजीएफ पटलात पुन्हा तयार होत राहते आणि औषधाचा अंमल काही आठवड्यांत ओसरतो, म्हणून पहिल्या वर्षी आठ-नऊ इंजेक्शने, दुसऱ्या वर्षी दोन-तीन आणि पुढे त्याहून कमी, असा चाचण्यांतील क्रम आहे. रोजंदारी बुडवून, सोबतीला कोणाला तरी घेऊन, दर महिन्याला शहर गाठणे ज्याला जमत नाही त्याच्यासाठी हा क्रम दुसऱ्या-तिसऱ्या फेरीलाच तुटतो. नव्या वाहिन्यांवर केवळ इंजेक्शने घेऊन जे रुग्ण सहा महिन्यांहून अधिक काळ तपासणीला आले नाहीत, त्यांचे डोळे लेझर घेऊन तितकाच काळ न आलेल्या रुग्णांपेक्षा अधिक बिघडले, हे फिलाडेल्फियातील २०१९ च्या अभ्यासाने दाखवले आहे. म्हणून जो रुग्ण परत येईल याची खात्री नाही, त्याच्या डोळ्यातील नव्या वाहिन्यांवर लेझरच करावा. येथे जुना उपाय मागासलेला ठरत नाही, तो अधिक जबाबदारीचा ठरतो.

भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेल्याचे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून दिसले, आणि चेन्नईच्या शहरी पाहणीत मधुमेहींपैकी १७.६ टक्के लोकांच्या दृष्टिपटलात बिघाड आढळला होता. यांतील बहुतेकांना नजर स्वच्छ असताना नेत्रतज्ज्ञाकडे जाण्याचे कारणच वाटत नाही, आणि मृत झालेल्या चेतापेशी कोणतेही इंजेक्शन परत आणत नाही. ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांनी, चष्म्याचा नंबर तपासून घेतला म्हणून समाधान न मानता, वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडद्याची तपासणी करून घ्यावी.